पाखरांना पाणी ठेवा, डासांना नाही

मार्च उजाडला की वस्तीतला पत्रा तापायला लागतो. दुपारी बारानंतर त्यावर हात ठेवता येत नाही. त्याच पत्र्याच्या कडेला चिमण्या चोच उघडी टाकून बसलेल्या दिसतात. पाखरांना आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडून धापा टाकतात आणि तेवढंच अंगातलं पाणी कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात त्यांना दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते.

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. २०१० पासून तो पाळला जातो. आपल्याला ही तारीख त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती, पण आपल्या माणसांना मनाई होती. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. तरीही पाणी अडवणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोसलं गेलं, त्यांना तहानलेल्या जिवापुढे पाणी ठेवायला वेगळं सांगावं लागत नाही. नळाला अर्धा तास पाणी येणाऱ्या घरातली बाईसुद्धा वाटीभर पाणी पाखरांसाठी बाजूला काढते, हे आम्ही रोज बघतो.

मग आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला? कारण हे चांगलं काम चुकीच्या पद्धतीनं केलं तर घरात आजार येतो. आम्ही स्वतः तशी चूक केली आहे. आधी तीच सांगतो.

आमची चूक

आमच्यातल्या काहीजणी दवाखान्यात पाळ्या करून आलेल्या, काही वस्तीतच वाढलेल्या. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आम्ही वर्गणी काढून मातीची पसरट भांडी आणली आणि एका वस्तीत घरोघरी वाटली. मुलांनी ती तारेनं खिडकीच्या गजांना आणि झाडांना टांगली. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, बुलबुल आले. सगळ्यांना आनंद झाला. आम्ही फोटो काढले आणि पुढच्या कामाला लागलो.

मग पाऊस आला. पाखरांना जागोजागी पाणी मिळायला लागलं, भांड्यांकडे कुणी फिरकेना. माणसांचंही लक्ष राहिलं नाही. भांडी मात्र पावसाच्या पाण्यानं भरत राहिली. जुलैच्या शेवटी एका घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला ताप भरला. तपासणीत डेंग्यू निघाला. पाच दिवस तो दवाखान्यात होता, त्यातले दोन दिवस त्याच्या आईनं डोळ्याला डोळा लावला नाही. पोरगं वाचलं. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा दारातल्या टांगलेल्या भांड्यात डोकावलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. भांडं आम्हीच दिलेलं होतं.

त्याला चावलेला डास त्याच भांड्यातला होता की शेजारच्या टायरातला, हे कुणी सांगू शकत नाही. पण भांडं देताना ते रोज घासायचं आणि पावसाळ्यात उतरवून ठेवायचं, हे आम्ही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गोळी देताना ती कशी घ्यायची हे सांगितल्याशिवाय आम्ही पेशंटला सोडत नव्हतो. भांडं देताना तेच विसरलो. त्या आईनं आम्हाला एक शब्दही सुनावला नाही. तिनं फक्त भांडं काढून आमच्या हातात दिलं. हा धडा त्या दिवसापासूनचा आहे.

नुसतं पाणी ओतून का भागत नाही?

डेंग्यूचा डास गटारात अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. पिंप, ड्रम, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, फुटकी बादली आणि पाखरांचं भांडं. मादी डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. अंडी इतकी बारीक असतात की काळे ठिपके वाटतात. पाणी ओतून दिलं तरी ती कडेला चिकटून राहतात. कोरड्या भांड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी पडलं की त्यातून अळी निघते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, भांडं आतून घासलंच पाहिजे. दुसरी, आठवड्यातून एक दिवस ते पूर्ण कोरडं ठेवलंच पाहिजे. नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे लोक ‘कोरडा दिवस पाळा’ सांगतात तो याचसाठी.

पाणी कसं ठेवावं?

१. भांडं पसरट आणि उथळ घ्या. परळ, कुंडीची मातीची बशी किंवा फुटक्या माठाचा तळ चालतो. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको. खोल भांड्यात लहान पाखरू बुडतं.

२. मध्ये एक-दोन दगड ठेवा. त्यावर बसून पाखरं पाणी पितात, मधमाशाही बुडत नाहीत.

३. ॲल्युमिनियम किंवा पत्र्याचं भांडं उन्हात ठेवू नका. पाणी चटका बसेल इतकं तापतं. सावलीची जागा बघा.

४. मांजराला दबा धरून बसता येईल अशी जागा टाळा. परसदार नसलं तरी चालतं. खिडकीचा गज, ओट्याची भिंत, समाजमंदिराच्या आवारातलं झाड, यातली कुठलीही जागा पुरते.

५. रोज सकाळी जुनं पाणी झाडाच्या बुंध्याशी टाका. भांडं काथ्यानं आणि राखेनं आतून कडेपर्यंत घासा, मग नवं पाणी भरा. कडक उन्हात दुपारी एकदा पुन्हा भरा.

६. हे भांडं मोरीत जेवणाच्या भांड्यांसोबत धुऊ नका. त्याचा काथ्या वेगळा ठेवा. पाखरांच्या विष्ठेतून जुलाब-उलटीचे जंतू येऊ शकतात. काम झालं की हात साबणानं धुवा. मुलांना हे काम दिलं असेल तर हात धुतले का ते बघा.

७. आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी भांडं घासून उन्हात पालथं घाला आणि दुसऱ्या दिवशी भरा. दोन भांडी असतील तर आलटून पालटून ठेवा, म्हणजे पाखरं उपाशी परतणार नाहीत.

८. पिंपात डासांसाठी औषध टाकतात, तसं पाखरांच्या पाण्यात टाकू नका. रॉकेल किंवा जळकं तेल तर अजिबात नको. तेल पिसांना लागलं की पाखरू मरतं. इथं घासणं हेच औषध.

९. पहिला चांगला पाऊस झाला की भांडी उतरवा, घासा, वाळवा आणि पालथी करून घरात ठेवा. थंडी संपली की पुन्हा काढा.

दाणा: काय, किती, कधी

चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. दयाळ आणि कोतवाल तर मुख्यतः किड्यांवरच जगतात. म्हणून पाखरं यावीत असं वाटत असेल तर दाण्याच्या पिशवीआधी झाडं लावा. डब्यात मेंदी किंवा जास्वंद लावता येते. थोडी जागा असेल तर शेवगा, पेरू. मेंदीच्या जाळीत चिमण्या बसतात, जास्वंदीवर इवलासा सूर्यपक्षी येतो. झाडांवर विषारी फवारा मारला की पाखरांचं अन्नच मरतं.

दाणा घालायचा तर बाजरी, ज्वारी, राळा किंवा तांदळाची कणी घाला. कच्चा तांदूळ खाऊन पाखराचं पोट फुटतं असं काहीजण सांगतात, ते खरं नाही. शिळा भात बिनमिठाचा आणि न आंबलेला असेल तरच द्या. शेव, फरसाण, चिवडा, वेफर्स नकोत. एवढं मीठ त्यांच्या लहानशा शरीराला झेपत नाही. पाव आणि बिस्किटानं पोट भरतं, पोषण होत नाही. बुरशी आलेली भाकरी माणसाला नको तशी पाखरालाही नको.

किती? एक मूठ. तासाभरात संपेल एवढंच. कधी? सकाळी. संध्याकाळी उरलेला दाणा झाडून घ्या.

हे का सांगतो? कारण रात्री उरलेल्या दाण्यावर उंदीर आणि घुशी येतात. उंदरामागे साप येतो. पावसाळ्यात उंदराचं मूत साठलेल्या पाण्यात मिसळतं आणि त्या पाण्यात अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचा जंतू शरीरात शिरतो. ज्या वस्तीत कचऱ्याची गाडी रोज येत नाही आणि गटार उघडं आहे, तिथं मूठभर उरलेला दाणाही महागात पडतो. कचरा उचलला जावा, गटार बंद व्हावं ही मागणी आपण करतच राहू. तोवर दाणा मोजून घालणं आपल्या हातात आहे.

कबुतरांना दाणा घालू नका

हे वाचून काहीजणांना वाईट वाटेल. पण कारण समजून घ्या. कबुतरं वर्षभर अंडी घालतात. दाणा मिळाला की त्यांची संख्या झपाट्यानं वाढते. ती खिडकीच्या वरच्या पट्टीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीवर बसतात. त्यांची विष्ठा वाळते आणि तिची धूळ होते. त्या धुळीत आणि पिसांच्या भुकटीत असे घटक असतात की काही माणसांच्या फुप्फुसाला ते सहन होत नाहीत. फुप्फुस आतून सुजतं. सुरुवातीला धुळीत गेल्यावर काही तासांनी अंग मोडून येतं, थंडी-ताप, कोरडा खोकला येतो. महिनोन्‌महिने असंच चाललं तर जिना चढताना दम लागायला लागतो, वजन उतरतं आणि फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात. ते व्रण औषधानं भरून येत नाहीत. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही आणि प्रत्येकाला होतही नाही. पण कुणाला होईल हे आधी कळत नाही.

याशिवाय कबुतराच्या विष्ठेत एक बुरशी वाढते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, विशेषतः एचआयव्हीसह जगणारी माणसं, त्यांच्या मेंदूच्या आवरणाला तिच्यामुळे सूज येऊ शकते.

२०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, त्यावरून रस्त्यावर वाद झाला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. श्रद्धा कुणाची काहीही असो, फुप्फुस सगळ्यांचं सारखंच असतं.

एक आजी आमच्याकडे खोकला घेऊन आल्या होत्या. दमा म्हणून वर्षभर औषध चालू होतं. थुंकीची तपासणी झाली, टीबी नव्हता. बोलता बोलता कळलं की त्या रोज सकाळी जिन्यात कबुतरांना ज्वारी घालायच्या आणि नंतर तीच जागा कोरड्या झाडूनं झाडायच्या. आम्ही त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दाणा बंद, झाडणं बंद, औषध चालू. त्या आता बऱ्या आहेत, पण पहिल्यासारखा दम राहिला नाही. “पुण्य करायला गेले आणि छाती गमावली,” असं त्या म्हणाल्या. आजींना आधी कुणी सांगितलं असतं तर?

कामाला जाणाऱ्या बायांसाठी खास

आपल्या कितीतरी बहिणी टॉवरमध्ये धुणं-भांडी आणि साफसफाई करतात. गॅलरीत कबुतरांनी घाण केली की “बाई, जरा झाडून घ्या,” असं सांगितलं जातं. दाणा घालणारं घर वेगळं आणि धूळ छातीत घेणारी बाई वेगळी. म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं भिजवायची. मग पुठ्ठ्यानं खरवडून पिशवीत भरायची, पिशवी बांधायची, शेवटी फरशी साबणाच्या पाण्यानं पुसायची. हातात मोजे हवेत. तोंडावर एन-९५ मास्क हवा. ओढणी गुंडाळून ती बारीक धूळ अडत नाही. मास्क आणि मोजे कामाला ठेवणाऱ्यांनी द्यायचे. संकोच न करता सांगा, “ताई, मोजे आणि मास्क द्या, पाणी मारून मगच काढते.” खोकला किंवा दम असलेल्या बाईनं हे काम करूच नये. इमारती, टाक्या आणि शाळांची छतं साफ करणाऱ्या भावांनाही हेच लागू आहे.

मेलेलं पाखरू दिसलं तर

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तेव्हाही हाच आजार निघाला. म्हणजे तो फक्त पोल्ट्रीत असतो असं नाही.

एखादी चिमणी तारेला लागून किंवा उन्हानं मरू शकते. पण एकाच जागी तीन-चार पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नका. मुलांना, कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा. जनावरांच्या सरकारी दवाखान्याला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. त्या काळात दाणा-पाणी ठेवणं थांबवा, कारण भांड्यापाशी पाखरांची गर्दी होते आणि आजार पसरतो. घरात कोंबड्या असतील तर त्या बंद ठेवा, रानपाखरांमध्ये मिसळू देऊ नका. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नाही, शिजवताना हा विषाणू मरतो. कच्चं चिकन कापलेली पाटी आणि सुरी मात्र साबणानं धुवा.

पडलेलं पिल्लू, कापलेला पंख

पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल तर ते बहुतेक उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. मांजरापासून वाचेल अशा उंच जागी ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकून देते, हा समज खरा नाही. चोच उघडून पाणी ओतू नका. ते पाणी श्वासनळीत जातं आणि पिल्लू गुदमरतं.

संक्रांतीच्या वेळी मांज्यानं पंख कापलेली पाखरं सापडतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातली आहे. तो पाखरांचे पंख कापतो तसा मोटरसायकलवरच्या माणसाचा गळाही कापतो. जखमी पाखराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हेही मुलांना सांगा.

दवाखान्यात कधी जायचं?

ताप आला तर अंगावर काढू नका. डेंग्यूच्या दिवसांत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, ब्रुफेन किंवा दुकानदारानं दिलेली अंगदुखीची गोळी घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की बरं वाटतं, पण डेंग्यूत खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी रात्र असो की दिवस, दवाखाना गाठा.

पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे दिसले तर लेप्टोची तपासणी करून घ्या. साठलेल्या पाण्यात चाललो होतो, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबी नसेल आणि खोकला-दम चालूच असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, “घराजवळ कबुतरं आहेत,” किंवा “मी त्यांची घाण साफ करते.” हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारेलच असं नाही.

त्या वस्तीत आम्ही पुढच्या मार्चमध्ये पुन्हा गेलो. भांडी घ्या म्हणताना जीभ अडखळत होती. ज्या आईनं भांडं परत केलं होतं तिनंच सगळ्यांदेखत विचारलं, “कोरडा दिवस कोणता ठेवायचा?” रविवार ठरला. आता रविवारी सकाळी त्या गल्लीतली मुलं पाखरांच्या भांड्यांबरोबर घरचे ड्रम, कुंड्या आणि टायरही तपासतात. डेंग्यूतून उठलेला तो मुलगा बॅटरी घेऊन सगळ्यांच्या पुढे असतो.

लक्षात ठेवा

उथळ भांडं, रोज घासायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडं. पावसाळ्यात पालथं.
मूठभर दाणा सकाळी. संध्याकाळी जागा स्वच्छ.
कबुतरांना दाणा नको. वाळलेली विष्ठा भिजवल्याशिवाय झाडायची नाही.
मेलेल्या पाखराला हात नको.
ताप आणि खोकला अंगावर काढायचा नाही.